हिमभूमीचा यात्रिक

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरच्या पुढे लोणार नावाचे गाव आहे. गावाची वस्ती मागे टाकून थोडे चालत गेले की भूमी एकाएकी संपते आणि पायांशी एक प्रचंड वाटोळे विवर उघडते. त्याचा व्यास सुमारे १८०० मीटर आणि खोली दीडशे मीटरांच्या आसपास आहे. तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे, काठावर प्राचीन मंदिरे आहेत आणि उतारावर दाट झाडी आहे. भगवान विष्णूंनी लवणासुराला येथेच मारले, अशी कथा पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांपैकी अनेकांना हे विवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड वाटले. आकाशातून पडलेल्या एका प्रचंड अशनीच्या आघाताने ते निर्माण झाले, ही गोष्ट पुराव्यानिशी मान्य व्हावयास १९७३ साल उजाडले. त्या वर्षी विवराच्या तळातून काढलेल्या खडकांत आघाताच्या स्पष्ट खुणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

चंद्रावरील विवरांबद्दलही एके काळी असाच मतभेद होता. बहुतेक विद्वान त्यांना ज्वालामुखी मानीत. १९२१ साली एका जर्मन शास्त्रज्ञाने या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. सिमेंटच्या भुकटीचा थर पसरून त्याने त्यावर वरून भुकटीचेच गोळे टाकले. त्यामुळे जे खळगे पडले, त्यांच्या कडा उंचावलेल्या होत्या आणि त्यांची ठेवण चंद्रावरील विवरांसारखीच होती. यावरून ही विवरे आघाताची आहेत असा निर्णय त्याने दिला. फार थोड्यांनी तिकडे लक्ष दिले. त्या शास्त्रज्ञाला याचे विशेष नवल वाटले नसावे. कारण याहून कितीतरी मोठी गोष्ट तो सहा वर्षांपूर्वीच सांगून चुकला होता आणि तीही लोकांनी हसण्यावारी नेली होती. त्या शास्त्रज्ञाचे नाव आल्फ्रेड वेगेनर.

आल्फ्रेड यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिन नगरीत झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील रिचर्ड वेगेनर हे धर्मोपदेशक आणि प्राचीन भाषांचे अध्यापक होते. अनाथ मुलांच्या एका आश्रमाची व्यवस्थाही ते पाहत. घरात ग्रंथांचे वातावरण होते, परंतु आल्फ्रेड आणि त्यांचे थोरले बंधू कुर्ट यांचा ओढा रानावनाकडे व डोंगरांकडे अधिक होता. लांब पल्ल्याची पायपीट करावी, बर्फावरून घसरत जावे, थंडीवाऱ्याची पर्वा करू नये, असा दोघांचा स्वभाव होता. ग्रीनलंड या हिमाच्छादित बेटाचे आकर्षण आल्फ्रेड यांच्या मनात तरुणपणीच रुजले आणि ते अखेरपर्यंत सुटले नाही.

विश्वविद्यालयात त्यांनी खगोलशास्त्राचा अभ्यास करून १९०५ साली डॉक्टर ही पदवी मिळविली. परंतु दुर्बिणीपाशी बसून गणिते करीत राहण्यात त्यांचे मन रमेना. वातावरणाचे शास्त्र त्या काळी नव्याने घडत होते. उंच आकाशातील उष्णता, वारा आणि आर्द्रता मोजण्यासाठी पतंग व बलून वापरले जात. अशा एका वेधशाळेत दोघे बंधू कामाला लागले. एप्रिल १९०६ मध्ये या दोघांनी एका बलूनमध्ये बसून सलग ५२ तासांहून अधिक काळ आकाशात प्रवास केला. इतका वेळ त्यापूर्वी कोणीही आकाशात राहिले नव्हते.

त्याच वर्षी आल्फ्रेड यांची जुनी इच्छा सफल झाली. डेन्मार्क देशातून ईशान्य ग्रीनलंडकडे एक मोहीम निघाली होती. तीत हवामानाचे निरीक्षण करणारा शास्त्रज्ञ म्हणून त्यांची निवड झाली. दोन हिवाळे त्यांनी तेथे काढले. ध्रुवाजवळच्या प्रदेशात हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. त्या अंधारात गोठलेल्या हातांनी ते पतंग आणि बलून सोडीत आणि हवेची मापे लिहून ठेवीत. या मोहिमेचे नायक मिलियस-एरिक्सेन आपल्या दोन सोबत्यांसह किनाऱ्याची पाहणी करावयास दूर गेले होते. ते परत आले नाहीत. उपासमारीने आणि थंडीने तिघांचाही अंत झाला. हिमभूमी माणसाकडून काय किंमत घेते, हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच वेगेनर यांना कळून आले होते. तरीही ते पुन्हा पुन्हा तिकडे गेले.

परतल्यावर १९०८ पासून ते मारबुर्ग येथील विश्वविद्यालयात शिकवू लागले. कठीण विषय सोपा करून सांगण्याची त्यांची हातोटी विद्यार्थ्यांना आवडे. १९११ साली त्यांचा वातावरणाच्या उष्णताशास्त्रावरील ग्रंथ निघाला. उंचावरील थंड ढगांत हिमाचे सूक्ष्म कण पाण्याच्या थेंबांतील बाष्प ओढून घेऊन वाढत जातात, हा विचार त्यांनी त्यात मांडला. पुढे इतरांनी तो पूर्ण केला. आपल्या वऱ्हाडात भर पावसाळ्यात अंगावर पडणारी सरही पुष्कळदा उंच आकाशात बर्फाच्या रूपाने जन्मलेली असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

पण वेगेनर यांचे नाव जगात राहिले ते निराळ्याच कारणाने. १९१० सालच्या नाताळात एका मित्राला नवा मोठा नकाशासंग्रह भेट मिळाला होता. तो चाळीत असता दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा यांची वळणे एकमेकांत नेमकी बसतात, हे वेगेनर यांच्या ध्यानात आले. कोणीही नकाशा उघडून पाहावे. ब्राझीलचा पुढे आलेला भाग आफ्रिकेच्या खोलगट किनाऱ्यात असा बसतो, की फुटलेल्या ताटाचे दोन तुकडेच जणू समोर ठेवले आहेत. ही गोष्ट पूर्वी इतरांच्याही दृष्टीस पडली होती. परंतु तिचा पाठपुरावा कोणी नेटाने केला नव्हता. पुढल्या वर्षी वेगेनर यांच्या वाचनात आणखी एक माहिती आली. मेसोसॉरस नावाच्या एका लहान सरीसृप प्राण्याचे अवशेष केवळ आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि दक्षिण अमेरिकेतच सापडतात. हजारो मैलांचा खारा समुद्र हा प्राणी पोहून गेला असणे शक्य नव्हते.

यावर त्या काळच्या विद्वानांजवळ एक उत्तर तयार होते. दोन्ही खंडांना जोडणारा जमिनीचा पूल पूर्वी होता आणि तो कालांतराने समुद्रात बुडाला, असे ते सांगत. वेगेनर यांना हे पटेना. खंडांचे खडक वजनाने हलके आणि सागरतळाचे खडक जड असतात. लाकडाचा ओंडका पाण्यात बुडून तळाशी जात नाही. त्याचप्रमाणे हलक्या खडकांचा भूखंड जड सागरतळात बुडणे संभवत नाही. मग उरते काय? ते खंडच एके काळी एकत्र असले पाहिजेत आणि पुढे एकमेकांपासून दूर सरकले असले पाहिजेत. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेपुढे त्यांनी आपला हा विचार प्रथम मांडला. तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते आणि भूशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

वेगेनर यांच्या पुराव्यांत भारताला मोठे स्थान होते. विदर्भात चंद्रपूरकडील कोळशाच्या खाणींत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे दगडांवर उमटलेले सापडतात. ही ग्लॉसोप्टेरिस नावाची लुप्त झालेली वनस्पती. तिचेच ठसे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका येथेही मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मरण पावले. त्यांच्या मृतदेहांजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. अखेरच्या दिवसांतही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत या वनस्पतीचे ठसे होते. मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून ज्यांना गोंडवन हे नाव मिळाले, ते खडक असे चार खंडांत आणि ध्रुवाजवळच्या बर्फातही निघाले.

दुसरा पुरावा याहून विलक्षण होता. बुलढाणा जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा पुढे वाहत चंद्रपूरच्या भागात जाते. तेथे नदीच्या परिसरातील चुनखडीच्या प्राचीन खडकावर समांतर ओरखडे उमटलेले एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांना दिसले होते. असे ओरखडे कोणतीही नदी काढू शकत नाही. दगडगोटे पोटात घेऊन घासत जाणारी हिमनदीच ते काढू शकते. जेथे वैशाखात पाऱ्याने पंचेचाळीस अंश ओलांडावेत, तेथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या! पृथ्वी सर्वत्रच थंड होती म्हणावे, तर त्याच काळात युरोपात आणि उत्तर अमेरिकेत घनदाट उष्ण अरण्ये वाढत होती. त्यांचाच आज कोळसा झाला आहे. वेगेनर यांनी दक्षिणेकडील सारे भूखंड आणि भारत हे सर्व कागदावर कापून एकत्र जोडले, तेव्हा ओरखडे असलेले प्रदेश एकाच जागी, दक्षिण ध्रुवाभोवती गोळा झाले. भारत त्या वेळी दक्षिणेत होता. तो पुढे उत्तरेकडे सरकला.

१९१२ मध्येच वेगेनर दुसऱ्यांदा ग्रीनलंडला गेले. या वेळी केवळ चार माणसे होती आणि ओझी वाहण्यासाठी आइसलंडची तट्टे होती. हिमपठारावरच त्यांनी हिवाळा काढला आणि वसंत ऋतूत ते बेट आडवे पार केले. नायक कोख हे बर्फाच्या भेगेत पडून त्यांचा पाय मोडला. तट्टे एकामागून एक गेली. पश्चिम किनारा जवळ आला तेव्हा अन्न संपले होते आणि सोबतच्या कुत्र्याचाही आहार करण्याची पाळी आली होती. तेवढ्यात एका धर्मोपदेशकाची नाव खाडीतून जाताना दिसली आणि चौघेही वाचले.

परत आल्यावर १९१३ साली त्यांनी विवाह केला. पत्नी एल्से ही थोर हवामानशास्त्रज्ञ व्लादिमिर कोपेन यांची कन्या. पुढे या दांपत्यास तीन मुली झाल्या. संसार जेमतेम सुरू होतो तोच पहिले महायुद्ध पेटले. वेगेनर यांना सैन्यात जावे लागले. बेल्जियमच्या रणांगणावर ते दोन वेळा जखमी झाले. रुग्णशय्येवर आणि विश्रांतीच्या काळात त्यांनी आपला ग्रंथ लिहून काढला. खंडांची आणि महासागरांची उत्पत्ती या विषयावरील तो ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो शंभर पानांचाही नव्हता. पुढे ते सतत भर घालीत राहिले आणि १९२९ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या.

युद्धकाळातही त्यांची जिज्ञासा थांबली नाही. ३ एप्रिल १९१६ रोजी जर्मनीत एक तेजस्वी अग्निगोल आकाशातून पडला. ठिकठिकाणच्या लोकांनी काय पाहिले व काय ऐकले, याची माहिती जमवून वेगेनर यांनी अशनी कोठे पडला असावा ते गणिताने काढले. पुढल्या वर्षी तो त्या जागेच्या जवळच जमिनीत रुतलेला सापडला. पुढे एस्टोनिया देशातील एका बेटावरच्या वाटोळ्या विवराचीही त्यांनी सोबत्यांसह पाहणी केली. त्या विवरातही लोणारप्रमाणेच पाणी साचलेले आहे. मात्र त्याचा विस्तार लोणारच्या मानाने अगदी लहान आहे.

१९२४ साली वेगेनर यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि विरोधाला धार चढली. हवामानाच्या अभ्यासकाने भूशास्त्रात हात घालावा, याचाच अनेकांना राग होता. पण सगळा विरोध केवळ मत्सराचा होता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. इतके अवजड भूखंड कोणत्या शक्तीने ढकलले, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर वेगेनर यांच्याजवळ नव्हते. पृथ्वीच्या भ्रमणामुळे आणि चंद्रसूर्यांच्या ओढीमुळे हे घडत असावे, असे त्यांनी सुचविले. परंतु त्या शक्ती फारच क्षीण आहेत, हे गणितज्ञांनी दाखवून दिले. ग्रीनलंड दरवर्षी कित्येक मीटर सरकते असेही त्यांनी जुन्या मोजमापांवरून मानले होते. तीही चूक ठरली. विरोधकांनी या चुका धरल्या आणि त्यांबरोबर बरोबर असलेला विचारही टाकून दिला. मायदेशातील कोणत्याही विश्वविद्यालयाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. ते शेवटी १९२४ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मिळाले. वेगेनर कोणावर चिडले नाहीत. विरोधकांचे आक्षेप वाचून ते ग्रंथाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत दुरुस्ती करीत गेले.

१९३० सालच्या मोहिमेचे नायकत्व त्यांच्याकडे आले. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, पूर्व किनाऱ्यावर आणि मध्यभागी अशी तीन ठाणी उभारून वर्षभर हवामान नोंदवायचे आणि बर्फाची जाडी मोजायची, अशी योजना होती. जाडी मोजण्याची रीत मोठी युक्तीची होती. बर्फावर सुरुंगाचा स्फोट करावयाचा. त्याचा हादरा बर्फातून खाली जाऊन तळाच्या खडकावर आदळतो आणि परत येतो. जावयास व यावयास किती वेळ लागला ते यंत्राने मोजले की जाडी कळते. विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनी येतो, तसाच हा प्रकार. मध्यभागी बर्फाची जाडी अडीच किलोमीटरांहून अधिक भरली.

परंतु या मोहिमेला आरंभापासूनच दैव प्रतिकूल होते. खाडीतील बर्फ फुटेना, म्हणून जहाजावरील सामान उतरविण्यास सुमारे सहा आठवडे उशीर झाला. त्या प्रदेशात उन्हाळा इतका आखूड असतो, की सहा आठवडे म्हणजे अर्धा हंगाम. विमानाच्या इंजिनांवर चालणाऱ्या दोन नव्या घसरगाड्यांवर मोठी भिस्त होती. त्या मऊ बर्फात रुतून बसल्या. मध्यवर्ती ठाणे किनाऱ्यापासून ४०० किलोमीटर आत, सुमारे ३००० मीटर उंचीवर होते. तेथे गेओर्गी आणि सोर्गे हे दोघे शास्त्रज्ञ राहत होते. त्यांच्याकडे राहण्याची लाकडी झोपडी पोचली नव्हती, बिनतारी संदेशाचे यंत्र पोचले नव्हते आणि इंधनही अपुरे होते. २० ऑक्टोबरपर्यंत सामान न आल्यास आपण पायी परत निघू, असा निरोप त्यांनी धाडला. त्या ऋतूत पायी निघणे म्हणजे मरणाला कवटाळणे होते.

वेगेनर यांनी स्वतः जाण्याचे ठरविले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पंधरा घसरगाड्या, कुत्र्यांचे तांडे, लोवे नावाचे सोबती आणि ग्रीनलंडचे तेरा रहिवासी यांना घेऊन ते निघाले. वाटेत वादळे उठली आणि थंडी वाढत चालली. पुढे जाण्यात अर्थ नाही असे पाहून एक एक करीत बारा ग्रीनलंडवासी परतले. त्यांना दोष देता येणार नाही. ती भूमी त्यांना वेगेनर यांच्यापेक्षा अधिक ठाऊक होती. रास्मुस विलुमसेन नावाचा एक विशीतला तरुण मात्र राहिला. सामानाचा बहुतेक भाग वाटेत टाकावा लागला. चाळीस दिवसांच्या प्रवासानंतर ३० ऑक्टोबर रोजी तिघे जण मध्यवर्ती ठाण्यावर पोचले, तेव्हा पारा शून्याखाली पन्नास अंशांच्याही खाली होता. लोवे यांच्या पायांची बोटे गोठून मेली होती आणि पुढे ती साध्या चाकूने कापावी लागली.

तेथे पोचल्यावर जे कळले ते चटका लावणारे होते. गेओर्गी आणि सोर्गे निघाले नव्हते. बर्फ खोदून त्यांनी एक गुहा केली होती आणि काटकसर केली तर हिवाळा निभावेल, असा हिशेब त्यांनी केला होता. मात्र हा बदललेला बेत किनाऱ्याला कळविण्यास त्यांच्यापाशी साधन नव्हते. ज्या कामासाठी वेगेनर जिवावर उदार होऊन आले, त्याची गरजच उरली नव्हती. वेगेनर यांनी मुळीच त्रागा केला नाही. गुहेची उबदार व्यवस्था पाहून त्यांना आनंदच झाला.

आता नवी अडचण उभी राहिली. ठाण्यावरील अन्न पाच माणसांना पुरणारे नव्हते. लोवे यांना चालता येत नव्हते, त्यामुळे ते राहणे भाग होते. वेगेनर आणि विलुमसेन यांनी परत जावयाचे ठरविले. दोन दिवसांची विश्रांती झाली. १ नोव्हेंबर हा वेगेनर यांचा पन्नासावा वाढदिवस होता. त्या दिवशी सकाळी सतरा कुत्री आणि दोन घसरगाड्या घेऊन दोघे पश्चिमेकडे निघाले. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटले, वेगेनर हिवाळाभर मध्यभागीच थांबले असतील. मध्यभागीच्या लोकांना वाटले, ते किनाऱ्यावर सुखरूप पोचले असतील. असे सहा महिने गेले.

१२ मे १९३१ रोजी शोधपथकाला अर्ध्या वाटेवर बर्फात उभ्या रोवलेल्या पायघसरपट्ट्या दिसल्या. खाली खणल्यावर वेगेनर यांचा देह मिळाला. तो झोपण्याच्या पिशवीच्या आवरणांत व्यवस्थित शिवलेला होता आणि खाली कातडे अंथरलेले होते. चेहरा शांत होता. अतिश्रमाने हृदय बंद पडून तंबूतच मृत्यू आला असावा, असा तर्क करण्यात आला. विलुमसेनने एकट्याने, त्या थंडीत आणि अंधारात, आपल्या नायकाचे अंत्यकर्म केले होते. वेगेनर यांच्या टिपणवह्या घेऊन तो पुढे गेला होता. त्याचा पत्ता कधीच लागला नाही. वेगेनर यांचे नाव ज्या ज्या ग्रंथात येते, तेथे या तरुणाचेही नाव यावयास हवे. दुर्दैवाने ते फार थोड्या ठिकाणी येते. मोहिमेचे उरलेले काम कुर्ट वेगेनर यांनी येऊन तडीस नेले.

भूखंड सरकतात हा विचार त्यानंतर तीस वर्षे अडगळीत पडून होता. त्याचा निकाल जमिनीवर लागला नाही, तो समुद्राच्या तळाशी लागला. वेगेनर यांच्या हयातीतच, १९२५ ते १९२७ या काळात, मिटीऑर नावाच्या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागराची खोली प्रतिध्वनीच्या साहाय्याने मोजली होती. पाण्यात आवाज एका सेकंदात सुमारे १५०० मीटर जातो. जहाजातून केलेला आवाज तळावर आदळून चार सेकंदांनी परत आला, तर खोली ३००० मीटर समजावी. अशा हजारो मोजमापांवरून महासागराच्या मध्यभागी एक लांबच लांब पर्वतरांग असल्याचे दिसले. पुढे मेरी थार्प या अमेरिकन विदुषीने १९५० नंतरच्या दशकात सागरतळाचे नकाशे काढले, तेव्हा त्या रांगेच्या माथ्यावरून एक खोल दरी गेलेली आढळली. पृथ्वीचे कवच तेथे उकलत होते.

निर्णायक पुरावा मात्र दक्षिण ध्रुवाकडील समुद्राने दिला. एल्टॅनिन हे जहाज अंटार्क्टिक खंडाभोवतीच्या वादळी समुद्रात पाहणी करीत असे. पाठीमागे चुंबकमापक यंत्र ओढीत १९६५ साली ते तेथील बुडालेली पर्वतरांग ओलांडून गेले. पृथ्वीच्या पोटातील वितळलेला खडक वर येऊन थंड होतो तेव्हा त्या काळच्या चुंबकीय दिशेची खूण त्यात कायमची राहते. आणि पृथ्वीच्या चुंबकाची दिशा लाखो वर्षांत अनेक वेळा उलटलेली आहे. त्यामुळे सागरतळावर उलटसुलट चुंबकीय पट्टे पडलेले असतात. एल्टॅनिनच्या आलेखात रांगेच्या एका बाजूचे पट्टे दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यांशी, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे जुळले. १९६६ मध्ये हा आलेख प्रसिद्ध झाला. तळ मध्यभागी नवा होत होता आणि दोन्हीकडे सरकत होता. दोन वर्षांनी ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने दक्षिण अटलांटिकच्या तळाला भोके पाडून गाळ वर काढला. रांगेजवळ गाळाचा थर पातळ आणि त्याखालचा खडक तरुण होता. दूर जावे तसा थर जाड आणि खडक जुना होत गेला. वेगेनर यांना जी शक्ती सापडली नव्हती, तीही हळूहळू उमगली. पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णता आणि कवचाच्या जड कडांचे खाली खचणे यांमुळे कवचाचे तुकडे सरकतात. भूखंड सागरतळ फाडीत जात नाहीत. सागरतळासह वाहून नेले जातात.

याच खुणांवरून भारताचा प्रवासही वाचता आला. भारताचा पूर्व किनारा सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिक खंडापासून सुटला. उत्तरेकडे जात असता, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्याच्यावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. बुलढाण्याचा काळा दगड तो हाच, आणि लोणारचे विवर याच दगडात पडलेले आहे. पुढे भारत आशिया खंडावर आदळला आणि हिमालय उभा राहिला.

डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरून भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिककडे निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये तेथे उतरली. ध्रुवप्रदेशांच्या अभ्यासाचे राष्ट्रीय केंद्र आज गोव्यात वास्को येथे आहे. भारताचे भारती हे ठाणे २०१२ साली ज्या किनाऱ्यावर उभारले गेले, तो किनारा एके काळी भारताच्या पूर्व घाटाला लागून होता असे भूशास्त्रज्ञ मानतात. जर्मनीतील ध्रुवीय संशोधनाच्या संस्थेला वेगेनर यांचे नाव आहे, आणि तिचे जहाज १९८२ पासून दोन्ही ध्रुवांकडील समुद्रांच्या तळाची व गाळाची पाहणी करीत आले आहे.

वेगेनर यांचा देह एल्से यांच्या इच्छेनुसार ग्रीनलंडमध्येच ठेवण्यात आला. त्यावर सहा मीटर उंचीचा लोखंडी क्रूस उभारला होता. दरवर्षी पडणाऱ्या हिमात तो केव्हाच गाडला गेला. एल्से यांना दीर्घायुष्य लाभले. पतीचे चरित्र त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केले, तेव्हा पुष्कळ विद्वान त्यांचा सिद्धांत मान्य करीत नव्हते. पुढल्या दहा वर्षांत तो शाळेच्या पुस्तकांत येऊ लागला, हेही त्यांनी पाहिले. १९९२ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, त्या निवर्तल्या.